हँडल मारताना माणसांचे हात मोडायचे, मग या शेतकऱ्याच्या पोराने गाडीला ‘सेल्फ’ दिला

धुळे-सोलापूर महामार्गावर जालना जिल्ह्यातलं वडीगोद्री लागतं. अशा हायवेच्या गावात एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘गाडी सेल्फ घेत नाही.’ मग दोन-चार जण धक्का मारायला येतात आणि विषय संपतो.

पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा विषय जिवावर बेतायचा.

तेव्हा गाडीच्या पुढे उभं राहून लोखंडी हँडल फिरवावं लागायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडलंच म्हणून समजा. असं सांगतात की, बायरन कार्टर नावाचे गाडी उत्पादक एका बाईची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला गेले. हँडलचा फटका तोंडावर बसला आणि पुढे १९०८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे मित्र, कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी हे हँडल कायमचं घालवायचं ठरवलं.

त्यांना गाठ पडली चार्ल्स केटरिंगची.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या शेतकरी कुटुंबातला. डोळे इतके अधू की कॉलेज मध्येच सोडावं लागलं. मग गडी टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामाला लागला. पुन्हा शिकायला गेला आणि १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला.

पहिली नोकरी गल्ल्याची मशीन बनवणाऱ्या कंपनीत. तिथे त्याने विजेवर उघडणारा गल्ला बनवला आणि एक गोष्ट हेरली. मोटर क्षणभरच चालवायची असेल, तर छोट्या मोटरकडूनही तिच्या ताकदीबाहेरचं काम करून घेता येतं.

इंजिन फिरवायला गाडीएवढी मोटर लागेल, असं तेव्हाचे जाणकार मानायचे. केटरिंगने गल्ल्याचीच युक्ती गाडीला लावली. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासोबत त्याने डेल्को कंपनी काढली होती. डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात काम सुरू झालं. फेब्रुवारी १९११ मध्ये कॅडिलॅकची गाडी हँडलशिवाय सुरू झाली आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये सेल्फ बसूनच आला. इंजिन चालू झालं की तीच मोटर उलट बॅटरी चार्ज करायची.

आजही सेल्फची मोटर क्षणभरासाठीच बनवलेली असते. म्हणून चावी १० सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मोटर जळते.

सेल्फ घेत नसेल तर आधी मल्टिमीटर काढा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. अँपिअरवर अजिबात नको, सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो.

१. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली, तर बॅटरी चार्ज करून तपासा.
२. सेल्फ मारत असताना बॅटरीचा प्लस आणि सेल्फचा जाड बोल्ट यांत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर, टर्मिनल किंवा सोलेनॉइडमध्ये लोचा आहे. बॅटरीचा मायनस आणि सेल्फची बॉडी यांतही तसंच बघा, म्हणजे अर्थिंग कळेल.
३. चावी फिरवल्यावर सोलेनॉइडच्या बारीक वायरला जवळपास बॅटरीएवढे व्होल्ट येत नसतील, तर दोष स्विच, रिले किंवा फ्यूजकडे.
४. हे सगळं ठीक असेल, तरच सेल्फ खोला.

केटरिंगच्या नावावर एक काळा डागही आहे. जनरल मोटर्समधल्या त्याच्याच टीमने १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याचा शोध लावला. इंजिनाची ठकठक थांबली, पण ते विष जगभरच्या हवेत पसरलं. भारतात शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं.

नोव्हेंबर १९५८ मध्ये केटरिंग गेला. न्यूयॉर्कमधल्या कॅन्सर संशोधन संस्थेला आजही त्याचं नाव आहे. एकाच माणसाने हात वाचवले आणि हवाही बिघडवली. पुढच्या वेळी चावी फिरवाल तेव्हा दोन्ही आठवा.