अ‍ॅमी जॉन्सन व तिचे मोडलेले विमान

इंग्लंडातील हल बंदरी मासळीचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात इ. स. १९०३ च्या १ जुलै रोजी अ‍ॅमी जॉन्सन हिचा जन्म झाला. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ती लंडनमध्ये वकिलांच्या कचेरीत नोकरीस राहिली. तेथेच तिला उड्डाणाचा नाद लागला. विमान चालविणाऱ्या स्त्रिया त्या वेळीही काही होत्या. परंतु अ‍ॅमी कारागिरांच्या बरोबरीने तेलकट हातांनी राबली व १९२९ साली विमानदुरुस्तीचा सरकारी परवाना मिळविणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. उड्डाणाहूनही हेच आम्हास अधिक कौतुकाचे वाटते.

ता. ५ मे १९३० रोजी ती 'जेसन' नामक जुन्या जिप्सी मॉथ विमानातून एकटीच ऑस्ट्रेलियास निघाली. सहा दिवसांत कराची गाठली, तेव्हा बर्ट हिंकलरच्या १९२८ सालच्या विक्रमाहून ती दोन दिवस पुढे होती. पुढे झाशीस लष्करी मैदानावर उतरताना पंख दुखावला; तो तेथील सुताराने सांधला.

खरे संकट ब्रह्मदेशात ओढवले. रंगूनजवळ इनसीन येथील तंत्रशाळेचे क्रीडांगण तिला शर्यतीचे मैदान वाटले. विमान उतरले ते धावत चरात गेले. पुढील फिरता पंखा मोडला, चाकांचा आधार वाकला, पंखाच्या फासळ्या तुटल्या व वरचे कापड फाटले. फिरता पंखा तिने जादा आणला होता. कापड कोठून आणावे? तेव्हाच्या विमानाचा पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेले लिननचे कापडच. सुदैवाने, पहिल्या महायुद्धानंतर विकल्या गेलेल्या विमानाच्या कापडाचे सदरे कोणी शिवले होते. ते सदरे उसवून पंखास लाविले! शाळेचे शिक्षक व विद्यार्थी फासळ्या घडवू लागले. वाचकहो, पुढे समुद्र होता. एखादा सांधा सुटता तर त्या बाईचे प्राण गेले असते. शाळेतील सुतारकामाची एवढी कठोर परीक्षा क्वचितच झाली असेल.

यात सुमारे तीन दिवस गेले व विक्रम हुकला. परंतु मुलांनी जोडलेला पंख टिकला, आणि २४ मे रोजी अ‍ॅमी डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटी उडून जाणारी ती पहिली स्त्री होय.

दुसऱ्या महायुद्धात ती विमाने पोहोचविण्याच्या कामी होती. ५ जानेवारी १९४१ रोजी तिचे विमान टेम्स नदीच्या मुखाशी कोसळले; तिचा देह सापडला नाही. 'जेसन' मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.