वाडा सभापतींचा, कथा सैतानाची

आयर्लंडची राजधानी डब्लिनच्या पश्चिमेस, लिफी नदीकाठच्या सेलब्रिज गावात ‘कॅसलटाउन हाउस’ हा भव्य प्रासाद उभा आहे. त्याच्या भोजनगृहात शेकोटीपुढील फरशीला तडा गेलेला आहे. तेथूनच सैतान पाताळात नाहीसा झाला, असे आजही सांगितले जाते.

हा प्रासाद बांधणारे विल्यम कॉनोली यांचा जन्म १६६२ साली डोनेगल परगण्यातील बॅलीशॅनन येथे झाला. त्यांचे वडील सराई चालवीत, असे मानले जाते. घराणे मूळचे गेलिक; मात्र त्याने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला होता. कॉनोली वकील झाले. १६९० साली बॉइनच्या लढाईत कॅथलिक राजा दुसरा जेम्स पराभूत झाला आणि पुढे त्याच्या समर्थकांच्या जमिनी जप्त होऊन विक्रीस निघाल्या. या व्यवहारांतून कॉनोली यांनी अफाट मालमत्ता उभी केली. १६९२ साली ते आयरिश संसदेवर निवडून आले. १७१५ ते १७२९ या काळात ते सभापती होते. सरदारकी नसलेल्यांत त्यांच्याइतका धनवान आयर्लंडमध्ये दुसरा नव्हता.

१७२२ साली कॅसलटाउनचे बांधकाम सुरू झाले. अलेस्सांद्रो गॅलिलेई या इटालियन वास्तुविशारदाची मूळ कल्पना एडवर्ड लव्हेट पिअर्स यांनी पुढे नेली. १७२५च्या सुमारास डब्लिनजवळच्या माँटपेलियर टेकडीवर कॉनोली यांनी शिकारघर बांधले. त्यासाठी तेथील प्राचीन थडग्याचे दगड वापरले गेल्याचे सांगतात. लवकरच वादळात छप्पर उडाले आणि हा सैतानाचा कोप असल्याची वदंता पसरली. कॉनोली यांनी नवे छप्पर दगडी कमानीचे बांधून घेतले. पुढे ‘हेलफायर क्लब’च्या मद्यपी सरदारपुत्रांमुळे ही वास्तू अधिकच बदनाम झाली. २०१६ साली उत्खनन झाले, तेव्हा तेथे खरोखरच अश्मयुगीन थडगे असल्याला दुजोरा मिळाला.

३० ऑक्टोबर १७२९ रोजी कॉनोली निवर्तले. त्यांना अपत्य नव्हते. कॅसलटाउनची सैतानकथा घडते ती त्यांच्या पुतण्याचे पुत्र टॉम यांच्या काळात. शिकारीत भेटलेल्या एका अनोळखी पाहुण्याला टॉम यांनी जेवायला बोलावले. त्याने बूट काढताच दुभंगलेले खूर दिसले. धर्मगुरूने भिरकावलेली प्रार्थनापुस्तिका आरशावर आदळली आणि पाहुणा फरशी फोडून गडप झाला.

कागदोपत्री कॉनोली यांचे जमीनव्यवहार कायदेशीर होते. तथापि, जमिनी गमावलेल्या समाजाने या घराण्याच्या दोन्ही वास्तूंत सैतान पाहिला, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही.

याच घराण्याची दुसरी आठवणही आहे. १७४०च्या भीषण थंडीत व दुष्काळात कॉनोली यांच्या पत्नी कॅथरीन यांनी उपाशी लोकांना काम मिळावे म्हणून सुमारे १४० फूट उंचीचा कमानदार स्मारकस्तंभ उभारला. ‘कॉनोलीज फॉली’ नावाने तो आजही उभा आहे. १९९४ पासून शासनाच्या ताब्यात असलेल्या कॅसलटाउनमध्ये पर्यटक तडकलेली फरशी आवर्जून पाहतात. भुकेल्या हातांनी रचलेला तो स्तंभही तितकाच पाहण्याजोगा आहे.