डॉ. डेनिस बर्किट : जबड्याची गाठ आणि निकामी मूत्रपिंडे

डॉ. डेनिस बर्किट यांचा जन्म १९११ साली आयर्लंडमधील एनिस्किलन येथे झाला. वयाच्या अकराव्या वर्षी अपघातात त्यांचा एक डोळा गेला. तरीही ते सर्जन झाले आणि १९४६ पासून युगांडातील सरकारी रुग्णालयांत काम करू लागले.

१९५७ साली कंपाला येथील मुलागो रुग्णालयात त्यांनी पाच वर्षांचा एक मुलगा पाहिला. त्याच्या जबड्यात वर-खाली, दोन्ही बाजूंना गाठी होत्या. काही आठवड्यांनी जिंजा येथे तशाच गाठींचे दुसरे मूल दिसले. त्याच्या पोटातही गोळे लागत होते. बर्किट यांनी जुन्या नोंदी आणि शवविच्छेदनाचे अहवाल तपासले. अशा मुलांच्या मूत्रपिंडांत, यकृतात आणि मुलींच्या अंडाशयांतही गाठी आढळत. वेगवेगळे वाटणारे हे कर्करोग एकच आजार होते. १९५८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे पॅथॉलॉजिस्टनी तो लिम्फोमा असल्याचे दाखवले. आज त्याला 'बर्किट लिम्फोमा' म्हणतात.

मूत्रपिंडे का निकामी होतात?

लिम्फोमाच्या पेशी दोन्ही मूत्रपिंडांत पसरल्या की ती सुजतात आणि आतल्या सूक्ष्म नलिका दाबल्या जातात. पोटातील गाठीमुळे मूत्रवाहिनीही दाबली जाऊ शकते. लघवी कमी होते, क्रिएटिनिन वाढते.

उपचार

आजार शरीरभर असल्याने नुसती शस्त्रक्रिया पुरत नसे आणि युगांडात रेडिओथेरपीची सोय नव्हती. म्हणून बर्किट यांनी सायक्लोफॉस्फमाइड, मेथोट्रेक्सेट अशी औषधे वापरली. काही मुलांच्या गाठी थोड्याच दिवसांत विरघळल्या आणि काही मुले कायमची बरी झाली.

गाठ वेगाने विरघळण्यात धोकाही असतो. मेलेल्या पेशींतून युरिक अॅसिड, पोटॅशियम आणि फॉस्फेट रक्तात उतरतात व मूत्रपिंडे आणखी बिघडतात. म्हणून आज केमोथेरपीआधीच सलाईन आणि अॅलोप्युरिनॉल किंवा रॅसब्युरिकेज देतात, रक्त वारंवार तपासतात आणि गरज पडल्यास डायलिसिस करतात. केमोथेरपीसोबत रिटुक्सिमॅबही दिले जाते. निदान बायोप्सीने होते. मूत्रपिंड काढावे लागत नाही; लिम्फोमा आटोक्यात आला की अनेकदा ते पुन्हा काम करू लागते.

बर्किट १९६६ साली इंग्लंडला परतले, आहारातील तंतूंवर काम करू लागले आणि १९९३ साली निवर्तले.

लक्षात ठेवा : मुलाच्या जबड्यात किंवा पोटात झपाट्याने वाढणारी गाठ दिसली किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. या आजारात गाठ काही दिवसांतच दुप्पट होऊ शकते.