अदोनीराम जडसन व त्यांचा शोक

कोणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला व आपण समाचारास गेलो, म्हणजे काही ठराविक शब्द आपल्या तोंडून आपोआप निघतात. देवाची इच्छा होती, रडू नये, विश्वास ठेवावा, असे आपण सांगतो. मातृवियोग झालेल्या एका विद्यार्थ्याला आम्हीही एकदा हेच सांगितले. त्याने मान डोलावली, डोळे पुसले आणि पुढे कित्येक दिवस तो कोणाशीच मोकळेपणाने बोलेना. आम्ही उपदेश केला. त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास मात्र विसरलो. तेव्हापासून ब्रह्मदेशाचे थोर मिशनरी अदोनीराम जडसन यांचे चरित्र आम्हांस वारंवार आठवते. ते येथे थोडक्यात सादर करीत आहो.

जडसनसाहेबांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांती, माल्डन गावी, ९ ऑगस्ट १७८८ रोजी झाला. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे पाच तरुणांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. त्यांत ते एक होते. त्याच पाचांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल न्यूएल हे पुढे मुंबईस आले व मराठी लोकांची सेवा करीत याच भूमीत मरण पावले. जडसनसाहेबांचा विवाह आदल्याच दिवशी अ‍ॅन हॅसेल्टाइन या सुशील व धैर्यवान तरुणीशी झाला होता. त्याच महिन्यात उभयता गलबतात बसून कलकत्त्यास निघाली व १८१३ च्या जुलैत रंगूनला पोहोचली.

तेथे सुखाचे दिवस थोडेच लाभले. पहिले मूल समुद्रप्रवासात मृत जन्मले. दुसरा मुलगा रॉजर १८१६ साली वारला, तेव्हा तो आठ महिन्यांचाही झाला नव्हता. सहा वर्षे श्रम केल्यावर, १८१९ साली, पहिल्या ब्रह्मी मनुष्याने बाप्तिस्मा घेतला.

१८२४ साली इंग्रज व ब्रह्मी सरकार यांच्यात युद्ध जुंपले. परक्या गोऱ्या लोकांवर हेरगिरीचा संशय येऊन जडसनसाहेबांस आवा राजधानीतील भयंकर तुरुंगात टाकण्यात आले. पायांत तीन-तीन जोड बेड्या असत, आणि रात्री कैद्यांचे पाय बांबूला अडकवून वर ओढून ठेवीत. अ‍ॅनबाई गरोदर असताना अधिकाऱ्यांची दारे झिजवीत व पतीस अन्न पोहोचवीत. बायबलच्या भाषांतराचे हस्तलिखित त्यांनी उशीत शिवून तुरुंगात दिले, आणि अशा रीतीने ते वाचले. १८२५ च्या जानेवारीत त्यांना मारिया नावाची कन्या झाली. पुढे बाई इतक्या आजारी पडल्या की त्यांस दूध येईना. तेव्हा पहारेकऱ्यांच्या परवानगीने तो बेड्या घातलेला पिता तान्ह्या लेकीला उराशी धरून गावात दारोदार फिरे आणि लेकुरवाळ्या ब्रह्मी स्त्रियांकडे तिच्यासाठी दुधाची भीक मागे.

इतके सोसून सुटका झाली. आता तरी संसार सुखाचा होईल असे वाटले. पण जडसनसाहेब दुभाष्या म्हणून आवा येथे गेले असता काळी मोहोर केलेले एक पत्र त्यांच्या हाती पडले. मूल गेले असावे असा त्यांचा प्रथम समज झाला. पत्र उघडून पाहतात तो पत्नी गेली होती! अ‍ॅनबाई २४ ऑक्टोबर १८२६ रोजी अ‍ॅम्हर्स्ट येथे वारल्या. पुढे बरोबर सहा महिन्यांनी, २४ एप्रिल १८२७ रोजी, मारियाही आईशेजारी होपियाच्या झाडाखाली विसावली.

यानंतरची हकीकत काही लोक झाकून ठेवतात. आम्हांस ती सांगणे अगत्याचे वाटते. एवढा मोठा देवभक्त दुःखाने अगदी खचून गेला. आपल्या महत्त्वाकांक्षेनेच हे सारे घडले असे मानून त्यांनी ब्राऊन विद्यापीठाने दिलेली सन्मानाची पदवी टाकून दिली व आपली मिळकत मिशनला देऊन टाकली. अ‍ॅनबाईंच्या मृत्यूला दोन वर्षे झाली त्या दिवशी ते मौलमीनजवळच्या रानात एका झोपडीत राहावयास गेले. झोपडीजवळ कबर खणून तिच्या काठी ते आपल्या मरणाचे चिंतन करीत बसत. आम्हांस असे वाटते, की जो संताप देवापाशी बोलून दाखवावयाचा, तो त्यांनी स्वतःवरच उगारला होता.

तिसऱ्या वर्षी त्याच तारखेस स्वदेशी धाडलेल्या पत्रात त्यांनी मन उघडे केले. देवावर आपला विश्वास आहे, परंतु तो आपणांस कोठेच सापडत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. मिशनरी म्हणून प्रसिद्ध असलेल्या मनुष्याने हे कबूल करावयास केवढे धैर्य लागले असेल! त्यांनी प्रार्थना मात्र सोडली नाही, हातचे भाषांतरही टाकले नाही. अंधार एका रात्रीत सरला नाही. हळूहळू ते माणसांत परतले व १८३० साली उपदेशासाठी प्रोम शहरी गेले. ३१ जानेवारी १८३४ रोजी संपूर्ण बायबलचे ब्रह्मी भाषांतर पुरे झाले, तेव्हा शेवटचे पान हाती घेऊन त्यांनी गुडघे टेकले.

त्या भाषांतरात ईयोबाचे पुस्तक आहे, विलापगीत आहे आणि स्तोत्रसंहिताही आहे. ईयोबाने देवाशी वाद घातला, आणि शेवटी देवाने गोड बोलणाऱ्या मित्रांना दोष देऊन ईयोबाचेच बोलणे योग्य ठरविले. स्तोत्रकर्ते देवाला तू दूर का उभा राहिलास असे विचारतात. लाजाराच्या कबरेपाशी प्रभू येशू स्वतः रडला. मग आपल्या मुलांच्या आसवांची आपण लाज का बाळगावी?

जडसनसाहेबांवर पुढेही दुःखे आली. १८३४ साली त्यांनी सारा बोर्डमन या विधवा मिशनरी बाईंशी विवाह केला. त्याही १८४५ साली प्रवासात सेंट हेलेना बेटापाशी वारल्या. जडसनसाहेब स्वतः १२ एप्रिल १८५० रोजी गलबतावर मरण पावले व समुद्रातच त्यांस मूठमाती मिळाली. रानातील ती कबर रिकामीच राहिली.

विद्यार्थी मित्रहो, दुःख व राग मनात कोंडून ठेवू नका. प्रार्थनेत नीटनेटके शब्द सुचले नाहीत तरी जे मनात असेल तेच देवाला सांगा. तो रागावणार नाही. आणि पालकहो, आपले मूल रडू लागले तर त्याला लगेच गप्प करू नये. जवळ बसावे व ऐकावे. त्या विद्यार्थ्याकडे आम्ही पुढे पुन्हा गेलो. या खेपेस आम्ही उपदेश केला नाही. बराच वेळ गेल्यावर तो बोलू लागला.