न्यायमूर्ती रानडे : बदली, पाळत आणि संयम

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. तामलवाडीहून सोलापूरमार्गे ज्या अक्कलकोटास जाता येते, त्या संस्थानात त्यांनी काही काळ कारभारी म्हणून काम केले. १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यास आल्यावर ते सार्वजनिक सभेचे मार्गदर्शक बनले. १८७६-७८ च्या दुष्काळात सभेने रयतेची हलाखी सरकारपुढे मांडली. सरकारी नोकराचे हे लोककार्य अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. १८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली.

मे १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची धामधूम चालू असताना, पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. सुट्टी संपण्यापूर्वीच रानड्यांना धुळ्यास रुजू होण्याचा हुकूम आला. तेथे त्यांचे टपाल फोडून तपासले जाऊ लागले. बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रेही येत. रानडे ती स्वतःच पोलिसांकडे पाठवीत. उघड आरोपाला उत्तर देता येते. अव्यक्त संशयाला मात्र केवळ निर्मळ वर्तनानेच उत्तर देता येते, हे त्यांनी जाणले होते. कालांतराने संशय निवळला. १८८१ मध्ये त्यांची मुंबईस नेमणूक झाली आणि १८९३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

रमाबाई रानडे यांच्या आठवणींमुळे हा प्रसंग मराठी आत्मचरित्रवाङ्मयात नोंदला गेला. सत्तेचा संशय नोकराच्या घरापर्यंत कसा पोहोचतो, हे अभ्यासताना विद्यार्थ्यांनी तो अवश्य विचारात घ्यावा.