लेक्लांशे: घड्याळातल्या सेलमागचा माणूस आणि भंडाऱ्याचं मँगनीज

मी चिकलठाणा एमआयडीसीत काम करतो. इथे सध्या इलेक्ट्रिक गाड्यांचीच चर्चा, आणि एक प्रश्न हमखास येतो: बॅटरीसाठी लागणारी खनिजं जगात पुरतील का? उत्तर देताना मी आधी जॉर्ज लेक्लांशे यांच्याबद्दल सांगतो. त्यांच्या नावाचा घट शाळेत आपण शिकलोच आहोत.

त्यांचा जन्म १८३९ चा, फ्रान्समधल्या पार्मेनचा. राजकीय कारणांमुळे कुटुंबाला देश सोडावा लागला, म्हणून सुरुवातीचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालं. पुढे १८६० मध्ये पॅरिसला इंजिनिअर होऊन ते रेल्वेत लागले. तेव्हाच्या अनेक बॅटऱ्यांत तीव्र आम्लं असत, सांभाळायला कटकटीची. १८६६ मध्ये लेक्लांशे यांनी वेगळा घट बनवला: जस्ताची कांडी, नवसागराचं पाणी आणि कार्बनभोवती मँगनीज डायऑक्साइडची भुकटी. घट चालू असताना कार्बनपाशी हायड्रोजन साचला की प्रवाह मंदावतो. ही भुकटी तो साचू देत नाही. बेल्जियमच्या तारखात्याने हा घट वापरायला घेतला.

१८८२ मध्ये, अवघ्या ४२ व्या वर्षी लेक्लांशे गेले. चार वर्षांनी जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी त्याच रसायनाचा कोरडा सेल केला. आपल्या भिंतीवरच्या घड्याळातला साधा सेल त्याचाच वारसदार.

आता मुद्द्याचं. सेलला लागणारं मँगनीज डायऑक्साइड आपल्याकडेच निघतं, भंडारा जिल्ह्यात, ‘मॉइल’च्या डोंगरी बुजुर्ग खाणीत. पण गाडीतल्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीला अतिशय शुद्ध मँगनीज सल्फेट लागतं, आणि जगातलं बहुतेक सल्फेट चीनमध्ये तयार होतं. मँगनीजचे सगळ्यात मोठे साठे मात्र दक्षिण आफ्रिकेत! कोबाल्टचंही तसंच: ७० टक्क्यांहून जास्त काँगोच्या खाणींतून येतं, शुद्ध होतं ते मुख्यतः चीनमध्ये.

म्हणजे खनिज जमिनीत असणं वेगळं आणि बॅटरीसाठी हाताशी असणं वेगळं. लेक्लांशे यांचं काम खनिज कुटून, भुकटी करून भागत होतं. आपलं तेवढ्यावर भागणार नाही. शुद्धीकरणाचे कारखाने इथे उभे राहिले नाहीत, तर मँगनीज भंडाऱ्याचं असूनही गाडीच्या बॅटरीचा माल आपण बाहेरूनच आणत राहू.