बुलढाण्याच्या ताराबाई

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्याचं नाव निघालं की सिंदखेडराजाच्या जिजाऊ आठवतात, आमच्या सुलतानपूरकरांना शेजारचं लोणार आठवतं. ताराबाई शिंदे मात्र फारशा कुणाला आठवत नाहीत.

त्यांचा जन्म 1850 चा, बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. मुलींना शिकवण्याची रीत नसताना त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. लग्न लहानपणीच झालं, पण घरजावई केल्यामुळे ताराबाई माहेरीच राहिल्या. मूलबाळ झालं नाही. त्या काळी बाईला यावरून काय काय ऐकावं लागत असेल ते मी सांगायला नको!

1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात बाळाचा जीव घेतला म्हणून फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण तेवढ्यात 'पुणे वैभव' या वर्तमानपत्राने या एका प्रकरणावरून समस्त बायकांनाच बिघडलेल्या ठरवून टाकलं. ते वाचून ताराबाई पेटून उठल्या. 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुष तुलना' छापून निघालं. प्रती 500, किंमत नऊ आणे. बायकांच्या अंगी चिकटवलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती जास्त आहे, हे त्यांनी दाखवलं. बायको गेली की पुरुष दुसरी करतो, मग विधवेनेच का जळत राहायचं, हाही सवाल केला. एवढ्यावर न थांबता 'मंजुघोषा', 'मुक्तामाला' अशा गाजलेल्या कादंबऱ्यांनाही त्यांनी धारेवर धरलं. वर्तमानपत्रांत, पुस्तकांत बाई कशी रंगवतात याचा अभ्यास आता विद्यापीठांत होतो. बुलढाण्याच्या या बाईने तो तेव्हाच, घरी बसून केला.

टीका भरपूर झाली, काही सत्यशोधकांनाही ते रुचलं नाही. जोतीराव फुल्यांनी मात्र 1885 च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर 1910 पर्यंत ताराबाई जगल्या, पण दुसरं पुस्तक आलं नाही. मला हे फार लागतं. पुस्तकही विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा छापलं.

बचत गटाच्या बैठकीत मी त्यातली दोन पानं वाचून दाखवली. भाषा जुनी, पण म्हाताऱ्या बायांनाच आधी समजली. त्यातल्या एकीने विचारलं, त्या सुरतेच्या पोरीला फसवणाऱ्या बाप्याचं पुढे काय झालं? ताराबाईंचा राग नेमका त्याच्यावरच होता.